काकींची किळस

काकी कुठलीही वस्तू हातात घ्यायच्या ती दोन बोटांच्या चिमटीत, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तशी. मग ती वस्तू हातभर लांब धरून पाहायच्या, नाक आक्रसायच्या आणि म्हणायच्या, "शी." आवाज चढवून नाही. निकाल आधीच लागलेला आहे, आपण फक्त वाचून दाखवतो आहोत, अशा सुरात.

मांडवीला माझं औषधांचं दुकान आहे. वडिलांनी काढलेलं, आता मी चालवते. दुकान ज्या इमारतीच्या तळाला आहे तिच्याच तिसऱ्या मजल्यावर काकी आणि काका राहायचे. त्यामुळे ही 'शी' माझ्या वाट्याला जवळजवळ रोज यायची. खोकल्याच्या बाटलीवर धूळ दिसली की शी. गोळ्यांच्या पाकिटावरून पाल गेली असावी असा नुसता संशय आला तरी शी. मी सुट्टे म्हणून मळकी नोट दिली तर त्या ती काउंटरवरच ठेवायच्या आणि म्हणायच्या, "काय गो बाय, ही काय कोलंबीच्या टोपलीतून काढलीस?"

मासळी बाजारात तर त्यांना पाहून कोळणी टोपलीवर फडकं ओढायच्या. काकी एकेका बांगड्याचा कल्ला उचलून वास घेत आणि पूर्ण टोपली नापास करून पुढे जात. लग्नाकार्यात स्वतःचा पाण्याचा तांब्या पिशवीतून नेत. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. आपण तिला हसतो आणि तिच्या घरी जेवायची वेळ आली की निर्धास्त जेवतो.

या बाईचा नवरा मात्र जहाजावरचा. काका बोटीवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम, जगभर हिंडलेले, अंगाने दांडगे. जेवताना मुद्दाम असे किस्से सांगायचे, की पिठात अळ्या, पिण्याच्या टाकीत उंदीर. काकी ताट घेऊन आत निघून जायच्या. मग काका मला म्हणायचे, "ही माझ्याशी लग्न करून टिकली, हेच नवल आहे. पहिल्या रात्री मला दोनदा आंघोळीला पाठवलान."

काकींना सगळ्यात जास्त किळस होती ती काकांच्या तंबाखूची. बोटीवर जागं राहण्यासाठी लागलेली सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. डावा गाल कायम फुगलेला. काकींनी एकदा तंबाखूची डबी गॅलरीतून खाली फेकली, ती माझ्या दुकानाच्या पत्र्यावर पडली. काका खाली आले, माझ्याकडून स्टूल घेतलं, डबी काढली, फुंकर मारली आणि वर न बघता जेटीकडे फिरायला गेले.

त्याच गालात आतून एक चट्टा आला. काका माझ्याकडून तोंड आल्यावर लावायचं जेल घेऊन जायचे. पहिल्यांदा नेलं, दुसऱ्यांदा नेलं, तिसऱ्यांदा आले तेव्हा मी जेल दिलं नाही, डॉक्टरांकडे जा म्हटलं. ते हसून निघून गेले. मी काकींना सांगितलं. त्या संध्याकाळी काकींनी त्यांना खुर्चीत बसवून, टॉर्च लावून, स्वतः तोंड उघडून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला धरून दवाखान्यात नेलं. तुकडा काढून तपासायला पाठवला. जे यायचं तेच आलं.

त्यांचा एकुलता मुलगा सुहास डोंबिवलीला असतो. त्याने फोनवरून पहिला हुकूम सोडला: बाबांना काही सांगायचं नाही. गळू झालं आहे, छोटं ऑपरेशन करायचं आहे, एवढंच म्हणायचं. संगमेश्वरचे धाकटे भावोजी, म्हणजे काकांचे भाऊ, तेही तेच म्हणाले. नाव ऐकूनच माणूस अर्धा मरतो, वहिनी.

काकी दुकानात येऊन मला हे सांगत होत्या. "कुत्र्याला गोळी चपातीत दडवून घालतात, तसं करायचं म्हणे. ज्या माणसाने वादळात बोट काढली त्याला. शी."

"मग काय करणार?"

"केलं. सकाळी चहा देताना सांगितलं. अहो, तुम्हाला कॅन्सर आहे, गालाचा. सुहास सांगायचा नाही म्हणून मी सांगते."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मग आता तंबाखू सोडायला हरकत नाही." काकींनी चष्मा काढून पदराने पुसला. "आणि वर चहात साखर कमी आहे म्हणाले."

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, अर्धा जबडा काढावा लागेल, जिभेचाही काही भाग जाईल, मांडीचं मांस काढून गालाला लावू, मग रेडिएशनचे शेक घ्यायचे. त्या वेळी निर्णय काकांनीच दिला. डॉक्टर अजून समजावून सांगत होते तेवढ्यात ते म्हणाले, "कापा." सुहासने ही गोष्ट नंतर सगळ्यांना सांगितली. नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिली, ऑफिसात सांगितली, माझ्या दुकानात उभं राहून सांगितली. "आमच्या बाबांनी एका शब्दात हो म्हटलं, ताई. डॉक्टरही बघत राहिले." बाप असावा तर असा, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं.

काका परत आले ते अर्धा चेहरा घेऊन. खालचा ओठ एका बाजूला ओघळलेला, नाकातून नळी, बोलणं घोगरं आणि फुटकं. आमच्यापैकी कुणाला काही कळायचं नाही. काकींना कळायचं. ते काही बोलले की त्या तेच वाक्य मोठ्याने परत म्हणायच्या, बरोबर आहे का अशा नजरेने त्यांच्याकडे बघायच्या, आणि काका मान हलवायचे. पूर्ण दिवस त्या घरात एकच आवाज ऐकू यायचा, पण बोलणारी माणसं दोन होती.

मग बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. आजारी माणसाला भेटायला जाण्याइतकी घाणेरडी करमणूक आपल्याकडे दुसरी नाही, हे माझं तेव्हापासूनचं मत आहे. एक बाई आल्या, बसल्या, पोह्यांची बशी हातात घेतली आणि काकांच्या समोर म्हणाल्या, "आमच्या जावेच्या भावाला अगदी असंच झालं होतं हो. चांगला होता, मग एकदम पसरलं." आणि बशीतला ओल्या खोबऱ्याचा कीस बोटाने गोळा करून खाल्ला. दुसरी एक म्हणाली, "बघू तरी, मांस कुठं लावलंय," आणि काकांच्या मानेवरचा पंचा स्वतःच्या हाताने बाजूला करायला गेली. काकींनी तिचा हात मनगटाला धरून खाली आणला. "आधी हात धुवा," म्हणाल्या. बाई हात धुऊन आली तोवर काकींनी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं होतं.

सगळ्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. जिना उतरताना, खालच्या आवाजात: वहिनींनी तंबाखूवरून एवढं डोकं खाल्लं, म्हणूनच त्यांनी हट्टाने सोडली नाही. जणू त्यांनी डोकं कमी खाल्लं असतं तर गाल वाचला असता.

शेक संपले. काका नळीने पेज घेऊ लागले, जेटीपर्यंत हळूहळू चालूही लागले. तोंडावर रुमाल धरून समुद्राकडे बघत बसायचे. काही महिने बरे गेले. मग कानाखाली सुपारीएवढी गाठ आली आणि बघता बघता लिंबाएवढी झाली.

पुन्हा मुंबई. या वेळी डॉक्टर म्हणाले, परत कापता येणार नाही. केमो देऊन बघता येईल. गाठ काही महिने थोपेल, कदाचित थोपणारही नाही. त्रास मात्र होणार, कारण अंगात ताकद उरलेली नाही. नाही दिलं तरी आम्ही चूक म्हणणार नाही. वेदना कमी करायला आमच्याकडे औषधं आहेत, ती घरीही देता येतात. घरच्यांनी ठरवा.

घरच्यांनी ठरवा. हे वाक्य मी काउंटरच्या अलीकडे उभी राहून खूप जणांच्या तोंडून ऐकलं आहे. डॉक्टर ते चांगल्या मनानेच म्हणत असतात. पण ते घरात आलं की घरातल्या प्रत्येक माणसाच्या आतलं काय आहे ते बाहेर पडतं, नासकं दूध तापवल्यावर फाटावं तसं.

आधी भावोजींचं बाहेर पडलं. त्यांच्याकडच्या एका गावात एक माणूस झाडपाल्याचा लेप द्यायचा. गाठ विरघळते म्हणे. त्याची अट एकच, बाकीची सगळी औषधं बंद करायची, दुखण्यावरच्या गोळ्यासुद्धा. भावोजींनी काकी स्वयंपाकघरात असताना काकांच्या मानेचे मोबाईलवर व्हिडिओ काढले, अगदी जवळून, पंचा बाजूला करून, आणि त्या माणसाला पाठवले. त्याला पाठवले ते पाठवले, नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकले. खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली. आखातातल्या कुठल्याशा भाच्याने लिहिलं, 'पॉझिटिव्ह राहा.' काकींनी मला तो फोन दाखवला. चिमटीत धरलेला फोन त्यांनी माझ्या काउंटरवर उपडा ठेवला आणि कितीतरी वेळ त्याला हात लावला नाही.

चार दिवसांनी भावोजी त्या माणसालाच घेऊन आले. मी गॉज द्यायला वर गेले होते, म्हणून पाहिलं. पांढरी विजार, बोटांत तीन-चार अंगठ्या, तोंडात पान. तो आला तसा काकींनी लख्ख घासलेल्या बेसिनमध्ये थुंकला, हात न धुता काकांच्या गाठीवर अंगठा दाबला आणि म्हणाला, "इंग्रजी औषधांनी आत विष झालंय." काका कळवळले. त्यांचा पाय पलंगावर आपटला.

काकी म्हणाल्या, "उठा."

भावोजी म्हणाले, "वहिनी, ते लांबून आलेत."

"लांब जा म्हणावं. उठा, आणि ते बेसिन धुऊन जा."

त्याने बेसिन धुतलं नाही. काकींनी धुतलं, फिनेल ओतून, दोनदा. भावोजी जिन्यात मला म्हणाले, "वहिनींना माणूस जगायला नकोच आहे बहुतेक." मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांच्या ओठांच्या कडेला चहाची साय लागली होती. का कोण जाणे, तेवढंच माझ्या लक्षात राहिलं आहे.

मग सुहास आला. तो रात्रभर इंटरनेटवर वाचून यायचा. त्याचं म्हणणं, मुंबईत आणखी एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये नवीन इंजेक्शन मिळतं, तिथे न्यायचं. ते नाही तर केमो द्यायचाच. काहीतरी करायचंच. "हातावर हात ठेवून बसायचं का?" असं तो सारखं विचारायचा.

त्या रविवारी बाहेरच्या खोलीत सुहास, भावोजी आणि काकी बसले होते. मी ड्रेसिंगचं सामान घेऊन गेले होते. मला कोपऱ्यात खुर्ची दिली आणि मधेच भावोजी म्हणाले, "तुम्ही मेडिकलवाल्या, तुम्हीच सांगा." मी म्हटलं, मी डॉक्टर नाही. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. पलंगावरचे काकांचे पाय मला दिसत होते. ही माणसं त्यांच्याबद्दल मोठमोठ्याने बोलत होती, किती टिकतील, वाटेत काही झालं तर काय, कोण रजा काढणार, लोक काय म्हणतील. खाटिकाच्या दुकानासमोर उभं राहून बोलावं तसं. आणि ते पाय अगदी स्थिर होते. जाग्या माणसाचे पाय होते ते.

काकी म्हणाल्या, "ज्याचा जीव आहे त्याला कुणी विचारलंत?"

"त्यांना काय विचारायचं, आई?" सुहास म्हणाला. "बाबा हो म्हणणार. मागच्या वेळी एका शब्दात म्हणाले ना?"

काकी उठल्या. "ड्रेसिंगची वेळ झाली. चल गो बाय."

आम्ही आत गेलो. काकींनी दार लोटून घेतलं, पंचा काढला, जुनं गॉज ओलं करून हळूहळू सोडवलं. तोवर गाठ फुटली होती. त्याचं वर्णन मी करणार नाही. वासाबद्दल एवढंच सांगते, की दुकानात इतकी वर्षं काढलेली मी, तोंडाने श्वास घेत होते. काकींनी नवीन गॉज ठेवलं आणि मग विचारलं. आडवळण नाही, गोड बोलणं नाही.

"अहो, सुहास मुंबईला न्यायचं म्हणतो. परत औषध द्यायचं. तुम्हाला काय हवंय?"

काका थांबून थांबून बोलले. काकी सवयीप्रमाणे एकेक वाक्य मोठ्याने परत म्हणत गेल्या.

"आता नको. दमलो. बरोबर?"

मान हलली.

"इथंच राहू दे मला. बरं."

मग काका जरा जास्त वेळ बोलले. त्यांचा हात काकींच्या मनगटावर होता. काकींनी ऐकून घेतलं. मग त्याच आवाजात म्हणाल्या, "सुहासला सांगू नको मी म्हटलं म्हणून. त्याला वाटेल, बापाने हाय खाल्ली. असंच ना?"

काकांनी डोळे मिटले आणि मान हलवली.

"बरं," काकी म्हणाल्या. "मग मी नको म्हटलं. झालं?" आणि माझ्याकडे वळून, "तू ऐकलं नाहीस."

बाहेर येऊन त्यांनी हात पुसले आणि सांगितलं, "मी त्यांना कुठंही नेऊ देणार नाही. घरीच ठेवायचं."

सुहास गॅलरीच्या दारातून पुढे आला. "तू कोण ठरवणार?"

"मी त्यांची बायको."

"आई, तू त्यांना मारतेस. कळतंय का तुला?"

"कळतंय," काकी म्हणाल्या.

सुहास संध्याकाळीच गाडी काढून निघून गेला. भावोजी त्याच्याबरोबर गेले.

पुढचे काही महिने काकी आणि काका दोघंच होते. इथल्या एका डॉक्टरीणबाईंनी दुखण्यावरचं औषध कसं द्यायचं, जखम कशी धुवायची ते शिकवलं. मी काकींना हातमोज्यांचं पुडकं दिलं होतं. ते त्यांनी परत आणून दिलं.

"काकी, हे लागतात. जंतू असतात."

"हात धुते मी. आधी आणि नंतर. पण रबराने हात लावला की ते तोंड फिरवतात. परक्यासारखं वाटतं त्यांना."

मी पुडकं परत फळीवर ठेवलं. ही ती बाई, जी मळकी नोट हातात घेत नसे.

आणि एके सकाळी त्या दुकानात आल्या, दोन-तीन गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाजूला थांबल्या आणि कोल्ड क्रीम मागावं तशा आवाजात म्हणाल्या, "बाय, टर्पेंटाइन आहे? आणि चिमटा दे एक, बारीक टोकाचा."

मला कळलं. जखमेवर एखादी माशी बसली असणार, खिडक्यांना जाळ्या लावल्या होत्या तरी. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या दुपारी येते म्हणाल्या. काकी दुपारपर्यंत थांबायला तयार नव्हत्या. मी दुकान बंद करून त्यांच्याबरोबर वर गेले. भावोजी त्या दिवशी नेमके विचारपूस करायला आले होते. काकींनी गॉज काढलं आणि त्यांनी एकदाच आत डोकावून पाहिलं. मग ते बेसिनकडे धावले आणि त्यांच्या ओकाऱ्यांचा आवाज आम्हाला सगळा वेळ येत होता. मी वाटी धरली होती, एवढंच माझं काम.

काकींनी चष्मा लावला. डाव्या हाताने काकांची हनुवटी, जी काही उरली होती ती, तळव्यात घेतली. बोटांच्या चिमटीत नाही, पूर्ण तळव्यात. आणि उजव्या हाताने एकेक अळी काढून वाटीत टाकत त्या बोलत राहिल्या. आज बाजारात सुरमई नव्हतीच, नुसती तारली. ती टोकाची कोळीण काय भाव सांगत होती, मी म्हटलं सोन्याचे दात आहेत काय गो तुझ्या तारलीला. पापलेट होतं पण मऊ पडलेलं. काका डोळे मिटून ऐकत होते. एकदा त्यांच्या घशातून काहीतरी आवाज आला. काकी म्हणाल्या, "पिठातल्या अळ्या बऱ्या होत्या म्हणताय? हो, त्या खाल्ल्यात तुम्ही, आता फेडा."

काका हसत होते. त्या चेहऱ्यावर ते हसू ओळखायला मला वेळ लागला.

पूर्ण आजारपणात त्या खोलीत काकींच्या तोंडून 'शी' हा शब्द मी एकदाही ऐकला नाही. दाराबाहेर आल्यावर यायचा. नातेवाइकांच्या फोनवर यायचा, भावोजींच्या नावावर यायचा. आत नाही.

काकांना खाता येत नव्हतं, तरी एकदा त्यांनी बांगडा तळायला सांगितला. काकींनी पलंगाजवळ शेगडी आणून तळला. वास त्यांच्यापर्यंत पोचावा म्हणून सुपाने वारा घातला. मग काका त्यांना समोर बसवून म्हणाले, तू खा. काकींनी त्यांच्यासमोर बसून पूर्ण बांगडा खाल्ला, काटे चोखून. त्या खोलीत, त्या वासात. मला त्यांनी हे सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "चांगला होता गो. ताजा."

शिमग्याच्या आधी काका गेले. सकाळी, काकी नळीतून पाणी सोडत असताना. पाणी नळीत तसंच वर राहिलं, एवढंच झालं.

दिवसकार्याला घर भरलं. सुहास बाहेरच्या खोलीत गुडघे जवळ घेऊन बसला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "आम्ही सगळं करायला तयार होतो. मी सुट्टी टाकली होती. आईच नको म्हणाली." प्रत्येक वेळी ऐकणारे मान वळवून काकींकडे बघायचे. काकी चहा देत होत्या. त्या कप पुढे करायच्या, आणि बायका कप घेताना त्यांच्या डोळ्यांत बघायच्या नाहीत.

माझ्याने राहवेना. मी स्वयंपाकघरात त्यांच्या मागे गेले. "काकी, मी सांगू का त्याला? मी होते खोलीत."

"नाही."

"सगळ्यांसमोर बोलतोय तो."

"बोलू दे." त्या कपबशा विसळत होत्या. "त्याला कुणावर तरी राग धरायचाय. बापावर धरायचा? तो बिचारा फोटोत गेला. मी जिती आहे, माझ्यावर धरू दे."

मग दहा मिनिटांनी, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "पण दर वेळी सांगायची गरज नाही खरं म्हणजे. एकदा सांगून पुरे होतं."

पावसाळ्यानंतर सुहास त्यांना डोंबिवलीला घेऊन गेला. आईला एकटं ठेवलं, असं लोक म्हणायला नकोत. काकींचा मला अधूनमधून फोन यायचा. तिथली भाजी कशी, नळाचं पाणी कसं, सुनेची भांडी घासणारी बाई कशी. सुहासबद्दल एवढंच म्हणायच्या, "कामात असतो." मागल्या वर्षी एका सकाळी मेथी निवडता निवडता त्या कलंडल्या. दवाखान्यात पोचायच्या आतच गेल्या. कुणाला काही ठरवायला लागलं नाही.

या मार्चमध्ये सुहास फ्लॅट विकायला आला. दुकानात येऊन उभा राहिला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, बापाचा दांडगेपणा आता कुठे त्याच्या अंगावर दिसू लागला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग त्याने तेच सुरू केलं. "कधीकधी वाटतं ताई, आईने तेव्हा अडवलं नसतं तर बाबा अजून काही वर्षं..."

मी ज्या दोघांसाठी गप्प राहिले होते ती दोघंही आता नव्हती. मी म्हटलं, "सुहास, आईने अडवलं नव्हतं. तुझे बाबाच नको म्हणाले. मी खोलीत होते."

मला वाटलं तो रागावेल, किंवा रडेल. तो काउंटरच्या काचेकडे बघत राहिला.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही.

"मी गॅलरीत गेलो होतो तेव्हा. आतल्या खोलीची खिडकी उघडी होती. बाबांचं कळत नव्हतं, पण आई परत म्हणायची ना मोठ्याने. सगळं ऐकलं."

"सगळं?"

"सगळं."

"आणि मग आत येऊन तिला म्हणालास, तू मारतेस?"

तो म्हणाला, "मला सुटल्यासारखं वाटलं, ताई. परत त्या वॉर्डात जायचं, बाबांना तसं बघायचं... मलाही नको होतं. मी नको म्हटलं असतं तर मी कोण झालो असतो? आईने म्हटलं, बरं झालं. मग लोक विचारायला लागले. एकदा सांगितलं तसंच सांगत गेलो."

त्या आजारात मी काय काय पाहिलं होतं. वाटी माझ्याच हातात होती. पण माझ्या तोंडाला कडू पाणी सुटलं ते त्या क्षणी, उजेडात, दुकानात, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या माणसासमोर. मी वळून उगाच औषधांची खोकी सरळ करत राहिले.

"तिला कळलं असेल का?" त्याने मागून विचारलं. "मी ऐकलं ते?"

नाही म्हटलं असतं तर तो निवांत झोपला असता. हो म्हटलं असतं तर आयुष्यभर झोपला नसता. मला दोन्ही करायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला माहीतही नव्हतं.

"मला काय माहीत," मी म्हटलं.

तो किल्ल्या घेऊन वर गेला. मग खिडक्या उघडल्याचा आवाज आला, एकेक करून सगळ्या.

आता तिसऱ्या मजल्यावर एक नवीन कुटुंब आहे, चांगली माणसं. त्यांची सून सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालते. समुद्राच्या वाऱ्याने तिथल्या दोरीवर रातोरात काळसर चिकट थर बसतो. काकी रोज ओल्या फडक्याने ती दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून काढायच्या आणि मगच पहिला कपडा टाकायच्या. या मुलीला ते कुणी सांगितलेलं नाही. मी दुकान उघडायला येते तेव्हा वर बघते, तर तिच्या नवऱ्याचा पांढरा शर्ट वाऱ्यावर फुगलेला असतो आणि त्याच्या बरोबर मधोमध एक काळी रेघ उमटलेली असते.